आरोपीचे हक्क आणि अपिलाची कोर्टे



वर्धा जिल्ह्यातले आष्टी हे गाव पूर्वी आर्वी तहसिलीत मोडत असे. आता ते स्वतःच तालुक्याचे ठिकाण झाले आहे आणि लोक त्याला 'आष्टी शहीद' या नावाने ओळखतात. हे नाव कसे पडले ते आपल्या शाळांतली मुलेही सांगू शकतील. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, तिरंगा घेऊन लोक पोलीस ठाण्यावर गेले, गोळीबार झाला, गावचे लोक पडले आणि पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी चांदा जिल्ह्यात चिमूरलाही असाच प्रकार घडला. ही हकीकत ऑगस्ट महिना आला की आपण दरवर्षी ऐकतो. त्यानंतर कोर्टात काय झाले, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. आज मी तिथूनच सुरुवात करणार आहे.

धरपकडीनंतर खटले उभे राहिले ते नेहमीच्या सेशन कोर्टापुढे नव्हे. २ जानेवारी १९४२ रोजी व्हाइसरॉयने एक वटहुकूम काढून ठेवला होता. जपानी सैन्य चाल करून येईल, कोर्टे चालू ठेवता येणार नाहीत, अशा धास्तीने तो काढलेला. त्यात खास न्यायाधीश, खास मॅजिस्ट्रेट आणि झटपट कोर्टे यांची तरतूद होती. जपानी काही वर्धा जिल्ह्यात आले नाहीत. पण ऑगस्ट महिन्यात चळवळ पेटली तेव्हा तोच वटहुकूम आपल्या माणसांवर चालवला गेला. कोणता खटला खास कोर्टाकडे द्यायचा, हे सरकारी अधिकाऱ्याने ठरवायचे. शिक्षा झाल्यावर नेहमीसारखे अपील नाही. हायकोर्टाला त्यात हात घालता येणार नाही असे कलमच घातलेले. फार मोठी शिक्षा असेल तर कागद एका हायकोर्ट न्यायाधीशाकडे नजरेखालून घालायला जायचे. पण तो न्यायाधीशही सरकारने निवडायचा, आणि त्याचा शब्द शेवटचा.

आता हे पाहा. गावात बैलाच्या किमतीवरून भांडण झाले, पंचांनी एक निर्णय दिला, तर आपण म्हणतो, 'बरं, पाटलांनाही विचारू.' बैलाच्या बाबतीत आपल्याला दुसरे मत लागते. इथे माणसाच्या मानेचा प्रश्न होता आणि दुसरे मत घेण्याची वाट बंद केलेली होती. अशा कोर्टांनी फाशीच्या शिक्षा दिल्या.

हा वटहुकूम दिल्लीच्या फेडरल कोर्टापुढे आला तो एका बंगाली खटल्यातून, बेनोआरीलाल शर्मा यांच्या प्रकरणातून. ४ जून १९४३ रोजी कोर्टाने बहुमताने निकाल दिला की ही खास कोर्टे कायद्याला धरून नाहीत. मुख्य आक्षेप असा, की कोणाला नेहमीच्या कोर्टात न्यायचे आणि कोणाला या कोर्टात ओढायचे, हे कोणताही नियम न सांगता अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोडलेले आहे. आणि त्यावर हायकोर्टाची देखरेखही काढून घेतलेली आहे. सरकारने काय केले असेल? दुसऱ्याच दिवशी नवा वटहुकूम काढला! जुनी कोर्टे रद्द, पण त्यांनी दिलेल्या शिक्षा कायम. एवढे मात्र झाले, की त्या शिक्षांवर आता नेहमीच्या रीतीने अपील करता येईल असे लिहावे लागले. पुढे नोव्हेंबर १९४४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने फेडरल कोर्टाचा निकाल उलटवला आणि पहिला वटहुकूम बरोबरच होता असे ठरवले. पण मधल्या काळात जे दार उघडले होते, त्यातून अपिले आणि अर्ज पुढे सरकले होते, आणि दिवसावर दिवस जात होते. बाहेर अनसूयाबाई काळे आणि इतर मंडळी फाशी टळावी म्हणून झटत होती. गांधीजींनीही त्यासाठी आवाज उठवला. शेवटी १९४५ साली आष्टी-चिमूरच्या फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. त्या माणसांना जगवले ते लोकमताने, असे आपण म्हणतो, आणि ते खरेच आहे. पण लोकमत जागे व्हायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ त्या अर्जांनी व अपिलांनी मिळवून दिला, हेही लक्षात ठेवायला हवे.

इथे शिक्षक मंडळींसाठी थोडा इतिहास सांगतो. आपल्या जिल्ह्याचे मोठे खटले पूर्वी नागपूरच्या ज्युडिशिअल कमिशनरच्या कोर्टाकडे जात. जानेवारी १९३६ मध्ये नागपूरला हायकोर्ट झाले. सर गिल्बर्ट स्टोन हे त्याचे पहिले मुख्य न्यायाधीश. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला, नागपूरचे हायकोर्ट संपले आणि त्या जागी मुंबई हायकोर्टाचे नागपूर खंडपीठ बसू लागले. आजही वर्ध्याच्या सेशन कोर्टाच्या शिक्षेवर अपील तिथेच जाते. वरचे कोर्ट एका माणसाचे अपील ऐकते तेव्हा निकालात कारणे लिहिते, आणि खालच्या कोर्टांना ती कारणे पुढच्या खटल्यात मानावी लागतात. सुप्रीम कोर्टाच्या बाबतीत तर घटनेच्या १४१ व्या कलमातच तसे लिहिले आहे. म्हणजे एकाने लढलेल्या अपिलाचा उपयोग पुढच्या शंभरांना होतो, आणि त्या शंभरांना त्याचे नावही ठाऊक नसते.

युद्धकाळातच नागपूर हायकोर्टात विमलाबाई देशपांडे यांनी आपल्या घरच्या माणसाच्या अटकेविरुद्ध अर्ज केला होता. भारत संरक्षण नियमांखाली पोलीस अधिकाऱ्याला वाजवी संशयावरून अटक करता येत असे. प्रश्न असा होता, की संशय वाजवी होता हे कोणी दाखवायचे? पोलिसांनी, की कोठडीत बसलेल्या माणसाने? विलायतेत युद्धाच्याच काळात तिथल्या वरिष्ठ न्यायाधीशांनी सरकारच्या शब्दावर विसंबायचे ठरवले होते. नागपूरने तसे केले नाही. सरकार लंडनपर्यंत गेले, आणि १९४६ साली प्रिव्ही कौन्सिलनेही सांगितले, की अटकेला आव्हान मिळाले तर संशयाला वाजवी आधार होता हे अटक करणाऱ्या अधिकाऱ्याने कोर्टाला पटवून दिले पाहिजे. परकी राज्य, त्यातून युद्ध चाललेले, आणि तरी असा निकाल. मला तर याचे अजून नवल वाटते.

नागपूर हायकोर्टाचे एक न्यायाधीश होते व्हिव्हियन बोस. नागपूरच्या सर बिपिनकृष्ण बोस यांचे हे नातू. १९४९ साली ते नागपूरचे मुख्य न्यायाधीश झाले आणि १९५१ साली दिल्लीला सुप्रीम कोर्टात गेले. तिथे त्यांच्यापुढे आपल्याच भागातला, गोंदियाचा खटला आला. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. डिसेंबर १९४९ मध्ये तिथल्या अन्नधान्य अधिकाऱ्याच्या पाच वर्षांच्या मुलाचा खून झाला होता आणि प्रेत विहिरीत सापडले होते. अधिकाऱ्याच्या अहवालावरून ज्याची नोकरी गेली होती, त्या माणसावर संशय आला. बरोबरच्या एका आरोपीने कबुलीजबाब दिला आणि त्यात या माणसाला गोवले. दोघांनाही फाशी झाली, हायकोर्टाने ती कायम केली.

एवढ्याशा लेकराचा खून. गोंदियात काय वातावरण असेल याची कल्पना करा. न्यायाधीशही माणूसच असतो. पण बोस साहेबांनी ४ मार्च १९५२ च्या निकालात आधी एक प्रश्न घेतला. एका आरोपीने स्वतःचा गुन्हा कबूल करताना दुसऱ्याचे नाव घेतले, तर त्या शब्दाची किंमत किती? तो शपथेवर बोललेला नसतो. दुसऱ्याच्या वकिलाला त्याची उलटतपासणी करता येत नाही. आणि स्वतः बुडताना दुसऱ्याला ओढणारा माणूस नेहमी खरेच बोलतो असे कोण म्हणेल? म्हणून त्यांनी रीत घालून दिली ती अशी: हा कबुलीजबाब आधी बाजूला ठेवा. उरलेला पुरावा मांडा. तेवढ्यावर दोष सिद्ध होतो का पाहा. होत असेल, तर मनाच्या खात्रीसाठी हवा तर कबुलीजबाब जोडीला घ्या. पण पाया त्याचा नको. या रीतीने तोलल्यावर खुनाचा आरोप टिकला नाही. पुरावा नाहीसा करण्यात त्या माणसाचा हात होता एवढे सिद्ध झाले, आणि तेवढ्यापुरतीच शिक्षा राहिली. काश्मीरा सिंग विरुद्ध मध्यप्रदेश राज्य या नावाने हा निकाल वकील लोक आजही कोर्टात वाचून दाखवतात.

खेड्यातल्या माणसाला याचा काय उपयोग? समजा, गावात कापसाची गंजी जळाली. ठाणेदाराने एकाला उचलले. त्याने म्हटले, 'मी एकटा नव्हतो, अमकाही होता.' तो अमका म्हणजे तुमचा मुलगा. पोलिसांपुढे दिलेली कबुली दोष शाबीत करायला चालत नाही, हे तर १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातच लिहिले होते. मारून-मुटकून कबुली घेतली जाते हे इंग्रजालाही ठाऊक होते. पण मॅजिस्ट्रेटपुढे रीतसर दिलेल्या कबुलीतही दुसऱ्याने तुमच्या मुलाचे नाव घेतले, तरी निव्वळ त्यावर त्याला शिक्षा देता येत नाही. ही ढाल गोंदियाच्या अपिलाने पक्की केली. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा, भारतीय साक्ष्य अधिनियम, लागू झाला, कलमांचे आकडे बदलले. पण ही तरतूद त्यात तशीच आली आहे, म्हणून जुना निकालही कामाचा राहिला आहे.

त्याच वर्षी, २३ सप्टेंबर १९५२ रोजी, नागपूरच्याच आणखी एका खटल्याचा निकाल सुप्रीम कोर्टाने दिला. मध्यप्रांताचे अबकारी कमिशनर नरगुंदकर आणि एक ठेकेदार यांच्यावर आरोप होता, की सिवनीच्या डिस्टिलरीचा ठेका मिळवण्यासाठी टेंडर बदलले आणि मागची तारीख घालून पत्र तयार केले. प्रत्यक्ष पाहिलेला कोणी नव्हता. सारा भार परिस्थितीवर: कागद कोणाच्या ताब्यात होते, पत्र कोणत्या टाइपरायटरवर उमटवले, तो टाइपरायटर ऑफिसात कधी आला. नागपूरच्या कोर्टांनी दोषी धरले. सुप्रीम कोर्टाने सोडले. न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन यांनी लिहिलेला तो निकाल परिस्थितीच्या पुराव्याचा पाठ मानला जातो. अशा पुराव्यात मनाला घाई होते, असे त्यांचे सांगणे. एक दुवा सापडला की दुसरा आपण मनानेच जोडतो. म्हणून प्रत्येक दुवा आधी स्वतंत्रपणे सिद्ध व्हावा, सगळी साखळी जुळावी, आणि ती अशी जुळावी की आरोपी निर्दोष असू शकेल असा दुसरा कोणताही समंजस अर्थ उरू नये.

चोर पकडताना गावात आपण नेमके याच्या उलट करतो. 'तो रात्री त्या बाजूने गेला होता, त्याच्याजवळ पैसे आले कुठून, आणि आधीपासून तो तसाच आहे.' झाली साखळी! तिसरा दुवा तर दुवाच नव्हे.

१९७३ साली महाराष्ट्रातल्याच बोबडे खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले, की 'असू शकेल' आणि 'असलाच पाहिजे' यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर अंदाजाने भरता येत नाही. पुढे १९८४ साली पुण्यातल्या एका नवविवाहितेच्या मृत्यूच्या खटल्यात, ज्यात सेशन कोर्ट आणि हायकोर्ट दोघांनीही पतीला फाशी सांगितली होती, न्यायमूर्ती फाजल अली यांनी नरगुंदकर खटल्यातली ही तत्त्वे पाच करून मांडली आणि त्यांना 'पंचशील' असे नाव दिले. आरोपी सुटला. वकिलांच्या तोंडी आता 'सारडा खटल्याचे पंचशील' हे शब्द सहज असतात.

इथे कोणीतरी विचारील, आणि विचारावेच, की मग काय, वरची कोर्टे गुन्हेगार सोडायलाच बसली आहेत? फिर्यादीचे काय? बोबडे खटल्याच्या निकालातच न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बजावले आहे, की जराशा शंकेवर ऊठसूट आरोपी सोडले तर लोकांचा कायद्यावरचा विश्वास उडेल. आणि आरोपीला दिलेला संशयाचा फायदा चुकीचा ठरल्याचे उदाहरण लांब शोधायला नको. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. आरोपी दोघे पोलीसच. सेशन कोर्टाने सोडले. नागपूर खंडपीठाने दोषी धरले. त्यांचे म्हणणे असे, की ठाण्यात रात्रीच्या वेळी पोलिसापुढे मुकाट राहणे म्हणजे राजीखुशी नव्हे. १९७८ साली सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडले, कारण मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले, स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली संसदेने कायदाच बदलला: पोलिसाच्या ताब्यात असलेल्या स्त्रीने 'माझी संमती नव्हती' असे सांगितले, तर कोर्टाने तसेच गृहीत धरावे. माझ्या मते त्या प्रकरणात नागपूरच्या न्यायाधीशांना देसाईगंजचे ठाणे दिल्लीपेक्षा जवळून दिसले. अपिलाचे कोर्ट वरचे असते म्हणून ते बरोबरच असते, असे मी सांगत नाही.

आता अपील करायचे म्हटले तरी हातात काहीतरी लागते. होस्कोट नावाच्या एका शिक्षित माणसाला बनावट पदव्यांच्या प्रकरणात मुंबई हायकोर्टाने तीन वर्षांची शिक्षा दिली. तो सुप्रीम कोर्टात आला तो जवळजवळ चार वर्षांनी, शिक्षा भोगून होत आल्यावर. का, तर निकालाची नक्कल तुरुंगात त्याच्या हाती पोचलीच नव्हती, असे त्याचे म्हणणे. अपील त्याने जिंकले नाही. शिक्षा कायम राहिली. पण १७ ऑगस्ट १९७८ च्या त्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवले, की शिक्षा झालेल्या कैद्याला निकालाची नक्कल फुकट आणि ताबडतोब मिळालीच पाहिजे, तुरुंगाधिकाऱ्याने ती देऊन त्याची पोच घ्यावी, आणि वकील लावण्याची ऐपत नसेल तर वकील सरकारने द्यावा. हरलेल्या अपिलातून हक्क निघाला! फेब्रुवारी १९८३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून मुंबईच्या कोठड्यांतल्या स्त्रियांची दशा पाहिली गेली, आणि स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, स्त्री-पोलिसांचा पहारा, चौकशीच्या वेळी स्त्री-अधिकारी हजर, असे आदेश निघाले. १९९६ च्या डी. के. बसू खटल्यात तर अटकेच्या वेळी काय काय करावे याची यादीच दिली गेली: अटकेचा मेमो लिहावा, त्यावर साक्षीदाराची आणि आरोपीची सही घ्यावी, घरच्यांना कळवावे, वैद्यकीय तपासणी करावी.

एक शेवटचे प्रकरण सांगतो, ते ऐकायला सोपे नाही. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका कुटुंबातल्या माणसांचे खून झाले. जालना जिल्ह्यातले, भटक्या जमातीतले, सहा गरीब पुरुष धरले गेले. २००६ साली फाशी. हायकोर्टाने तिघांची फाशी ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी सांगितली. म्हणजे अपिलात शिक्षा वाढली. मग त्यांच्या पुनर्विचार अर्जावर प्रकरण पुन्हा उघडले, आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जण निर्दोष असल्याचे सांगून सोडून दिले. घरातल्या ज्या बाईने हल्लेखोर डोळ्यांनी पाहिले होते, तिने तपासाच्या सुरुवातीला पोलिसांकडच्या छायाचित्रांतून दुसऱ्याच चार जणांना ओळखले होते, आणि ती गोष्ट दाबून ठेवली गेली होती. प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्याचा हुकूम झाला. सोळा वर्षे गेली होती.

ज्यांच्या घरात असा प्रसंग आला असेल, त्यांच्या माहितीसाठी मुदती सांगून ठेवतो. मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेवर सेशन कोर्टात अपील तीस दिवसांत करायचे. सेशन कोर्टाच्या शिक्षेवर हायकोर्टात साठ दिवसांत. फाशी असेल तर तीस दिवसांत. उशीर झाला तर कारण सांगून माफी मागता येते. वकील लावता आला नाही तरी कैद्याला तुरुंगाच्या अधिकाऱ्यामार्फतच अपील पाठवता येते. निकालाच्या नकलेला पैसे मागितले तर होस्कोट खटल्याचे नाव घ्यावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्नाची अट नसताना फुकट वकील मिळतो. वर्ध्याला जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे साध्या कागदावर अर्ज दिला तरी चालतो. अर्ज लिहिता येत नसेल तर गावच्या मास्तरांनी तो लिहून द्यावा.